दप्तराबाहेरचा परस

मराठी राज्यातील जुन्या इनामपत्रांत गाव इनाम करून देताना एक ठरीव शब्दसंहती येते : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित, कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, खेरीज हक्कदार व इनामदार करून. गावाच्या शिवारात वर आकाश आणि खाली पाताळ यांच्या दरम्यान जे जे म्हणून हाती लागण्याजोगे असेल, ते ते सर्व या एका वाक्यात गोळा करून इनामदाराच्या पदरात टाकलेले असते. कारकुनाच्या बोरूतून गवताची काडी सुटली नाही, कोणा पूर्वजाने भूमीत पुरून ठेवलेला हंडा सुटला नाही. सुटला तो घरामागच्या मांडवावर चढलेला दोडक्याचा वेल. एखादा वकील म्हणेल, की ‘तरु’ आणि ‘तृण’ यांच्या मध्ये कोठेतरी वेलाचाही समावेश झालाच. परंतु वकिलाच्या युक्तिवादाने वस्तुस्थिती पालटत नाही, आणि वस्तुस्थिती अशी आहे, की सह्याद्रीच्या कुशीतील शेतकऱ्याच्या घरामागे शतकानुशतके नांदत आलेला परस हा सरकारदप्तराच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य होता.

या अदृश्य वस्तूचा इतिहास लिहिण्यास मी मुळशीचा प्रदेश निवडला आहे. पुणे शहरापासून पश्चिमेस पौडावरून ताम्हिणीच्या घाटाकडे जाणारा हा मुलूख. पूर्वी याला मुळशी पेटा म्हणत, आणि त्याहीपूर्वी पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे अशा मावळांच्या नावांनी तो ओळखला जाई. शिवकालात पौड खोऱ्याची देशमुखी ढमाल्यांकडे, मुठे खोऱ्याची मारण्यांकडे आणि मोसे खोऱ्याची पासलकरांकडे होती. इतिहासाच्या पुस्तकांत मावळ येतो तो मावळ्यांमुळे, गडकोटांमुळे, आणि अलीकडच्या काळात धरणामुळे. हे सर्व घराच्या पुढच्या दारी घडले. मागच्या दारी काय चालले होते, ते कोणी विचारले नाही. आणि ज्या भाषेत ‘परसाकडे जाणे’ या शब्दप्रयोगास एक निराळाच, नाकाला पदर लावायला लावणारा अर्थ प्राप्त झालेला आहे, त्या भाषेतील इतिहासकारांना परसाविषयी चौकशी करण्याचा संकोच वाटला असल्यास त्यांना दोषही देता येत नाही.

परस म्हणजे मळा नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मळ्याला विहीर लागते, मोट लागते, बैलजोडी लागते, पाट लागतात, आणि माल विकण्यास बाजार लागतो. मळ्याला अरणच्या सावता माळ्यासारखा संतही लाभला. परसाला यांतले काहीच नाही. परसाला लागते ते न्हाणीचे सांडपाणी, गोठ्यातले शेण, चुलीतली राख आणि घरातल्या बाईची सवड. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी मुबलक आणि चौथी दुर्मिळ. कोणी त्याला परसू म्हणे, कोणी परडे, कोणी वाडगे. परंतु मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरले, की जी ओलसर, काळपट, पायाला मऊ लागणारी जमीन पावलाखाली येते, तिच्याविषयी कोणाचा गोंधळ होत नसे. गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी, हे सर्वश्रुत आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. मावळात काळी केवळ नावापुरती, कारण तेथली शेतजमीन बहुधा तांबूस; परंतु पांढरीची गोष्ट खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, केरकचरा आणि पडलेल्या भिंतींची माती मुरून ती इतकी सकस होई, की शेतकरी पडक्या घराची माती खणून खत म्हणून शेतात नेत. परस हा या पांढरीचाच जिवंत तुकडा.

आता पावसाविषयी. पुण्यास वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून एका सकाळच्या प्रवासावर असलेल्या ताम्हिणीस तो त्याच्या कित्येक पटींनी पडतो. मृगाच्या सरी, आर्द्राची झड, पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ असे एकामागून एक आले, म्हणजे आषाढात घाटमाथ्यावरच्या गावाला सूर्य हा एक ऐकीव पदार्थ होतो. भाताला हे मानवते. खाचर भरून वाहू लागले, की आवणीला जोर येतो. परंतु भाजीच्या रोपाचे अशा पावसात मुळापासून कुजून पाणी होते. देशावरची बाई वांगी-मिरचीचे वाफे करते, मेथी-कोथिंबीर पेरते. मावळातल्या बाईने पावसाळ्यात तसे केले, तर चार दिवसांत वाफाही दिसणार नाही आणि मेथीही दिसणार नाही. म्हणून मुळशीचा परस जमिनीवर पसरला नाही, तो वर चढला. माझ्या समजुतीप्रमाणे या प्रदेशातील परसाचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, दुधी, काकडी, घेवडा, वाल : ज्यांना तणावे फुटतात आणि ज्यांची फळे हवेत लोंबकळली तरी चालतात, अशाच भाज्यांनी येथे राज्य केले, आणि जमिनीवर राहिले ते अळू, ज्याच्या पानावर पाणी ठरत नाही आणि ज्याच्या मुळांना पाण्यावाचून ठरत नाही.

हा मांडव घालण्याचे काम मी लहानपणी पाहिलेले आहे, आणि त्या आठवणीत काही भर घालण्याची गरज नाही. वैशाखाच्या अखेरीस, भाताच्या राबांचा धूर विरल्यानंतर आणि रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास, घरातला गडी चार-सहा मेढी रोवून त्यांच्यावर बांबूच्या आडव्या काठ्या टाकून देई आणि त्यावर कारवीच्या काटक्या पसरी. येथे त्याचे काम संपे. पुढची सगळी सत्ता घरातल्या म्हातारीची. ती प्रत्येक मेढीच्या बुडाशी हातभर लांब, हातभर रुंद असा उंचवटा करी. देशावर रोपाला आळे म्हणजे खळगा करतात, पाणी साठावे म्हणून. येथे आळे उलटे, पाणी निथळावे म्हणून. उंचवट्यात जुन्या शेणाची पाटी, राखेची ओंजळ, आणि मग बी टोकायचे ते टोक खाली करून, एका ठिकाणी तीन. तीन का, असे विचारता म्हातारी म्हणाली, “एक पाखराचं, एक किड्याचं, अन् एक आपलं.” तिन्ही उगवली तर दोन उपटून शेजारणीला द्यायची. वेल हातभर झाला, की त्याला सुतळीने मांडवाचा रस्ता दाखवायचा, आणि एकदा तो वर पोचला, की त्याच्या वाटेला जायचे नाही. तिन्हीसांजेनंतर तर त्याला हातसुद्धा लावायचा नाही, कारण झाडे त्या वेळी निजलेली असतात.

आणि बी! बियांचा कारभार हा कोणत्याही कोठीच्या कारभाराहून कमी काटेकोर नव्हता. वेलावरचे पहिले फळ देवाला, दुसरे-तिसरे घराला, आणि मग जे फळ अंगापिंडाने सरळ, वेलाच्या बुडख्याजवळ धरलेले आणि निरोगी दिसेल, त्याच्या देठाला एक लाल चिंधी बांधली जाई. ही चिंधी म्हणजे मुलांना मनाई हुकूम. ते फळ वेलावरच पिकून, वाळून, आत बिया खुळखुळेपर्यंत राहावयाचे. दोडक्याच्या सुकलेल्या जाळीतच त्याचे बी राहू देत आणि ती जाळी चुलीच्या वर, आढ्याला टांगून ठेवीत. धुराने किडा लागत नसे. काकडीचे बी मात्र शेणात कालवून त्याची चापट गोवरी भिंतीला थापीत, आणि ती पुढच्या रोहिणीत फोडीत. घेवड्याचे व वालाचे दाणे राखेत घोळून गाडग्यात. म्हणजे स्वयंपाकघराच्या आढ्यापासून भिंतीपर्यंत सर्वत्र पुढच्या वर्षीचा परस निजलेला असे. सून माहेराहून आली, की तिच्या पदराच्या गाठीला एखाद्या वाणाचे बी असावयाचेच. मोसे खोऱ्यातला पांढरा लांब पडवळ पौड खोऱ्यात गेला तो असा, सोयरिकीच्या वाटेने.

मांडव हा परसाचा मध्य झाला. त्याच्या कडाही पाहिल्या पाहिजेत. न्हाणीचे पाणी बाहेर पडते तेथे अळू आणि केळ. गोठ्याच्या भिंतीशी शेवगा. पण घराला फार लगटून नव्हे, कारण शेवग्याचे लाकूड ठिसूळ आणि वाऱ्याने कौलांवर पडणारे. सावलीत हळद आणि आले. कोपऱ्यात सुरण, जो तीन-चार वर्षे विसरला तरी रागावत नाही. वईला, म्हणजे कुंपणाला, निरगुडी, एरंड, क्वचित अडुळसा. हे कुंपणही होते आणि औषधालयही. बाळंतिणीच्या शेकाला निरगुडीचा पाला, खोकल्याला अडुळसा, पोटदुखीला ओवा, भाजल्याला कोरफड, लेकराच्या वाचेला वेखंड. वैद्य पौडास किंवा पुण्यास. आषाढात तेथवर जाणार कोण? आणि या सर्वांवर राखण म्हणून एका काठीवर उपडे घातलेले, चुन्याचे ठिपके दिलेले काळे मडके. ते पाखरांसाठी आहे असे पुरुष म्हणत आणि दृष्टीसाठी आहे असे बायका म्हणत. वानरे दोघांचेही मानीत नसत.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. परस हा सर्वांचा नव्हता. ज्याला गावठाणात घर, त्याला परस. पाटलाचा परस मोठा, कुळाचा लहान, आणि वर्षातून दोनदा कामामागे जागा बदलणाऱ्या कातकऱ्याचा परस म्हणजे खोपटाच्या शाकारावर चढविलेला भोपळ्याचा एक वेल. कातकऱ्याने आणि गवळी धनगराने रानाला परस मानले. ज्येष्ठ-आषाढात, मांडवावरचे वेल फुलण्यापूर्वी, गावातल्या घरांनाही त्यांचेच शिष्यत्व पत्करावे लागे : टाकळा, कुर्डू, भारंगी, चाई, शेंडवेल, पुढे करटोली आणि हिवाळ्यात करांदे. रानभाज्यांचे गुणगान आज शहरांत महोत्सव भरवून होते. त्या काळी ती उपासमार आणि परस यांच्या मधली एक अरुंद फळी होती, इतकेच.

परसातल्या रहिवाशांच्या वंशावळीत शिरले, तर मात्र ‘परंपरागत’ हा शब्द जरा जपून वापरावा असे वाटू लागते. दोडका, पडवळ, काकडी, कारले, अळू, सुरण, हळद हे आपल्याकडचे किंवा आशियातलेच जुने मानकरी. पण ज्या मिरचीवाचून मावळातला ठेचा संभवत नाही, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून वर आली. तांबडा भोपळा अमेरिकेचा, मका अमेरिकेचा, पेरू, पपई आणि सीताफळ अमेरिकेची. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. मावळच्या बाईने या परस्थांना कोणताही परवाना न मागता वईच्या आत घेतले, त्यांची नावे मराठी केली, आणि दोन-चार पिढ्यांत ते इतके घरचे झाले, की देवाच्या ताटात जाऊन बसले.

देवाच्या ताटाचा उल्लेख सहज केला नाही. परसाचे खरे माहात्म्य भाद्रपद शुद्ध पंचमीला प्रकट होते. त्या दिवशी ऋषिपंचमी. आणि व्रतस्थ स्त्रीने त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, असा दंडक. म्हणजे नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य, भात वर्ज्य, भाकरी वर्ज्य. मग उरते काय? उरतो परस. कुदळीने, खुरप्याने किंवा नुसत्या हाताने जेथे मशागत झाली, ती एवढीच भूमी. अळू देठांसह, लाल माठ, भेंडी, शिराळे, पडवळ, काकडी, तांबडा भोपळा, सुरण, अंबाडी, मक्याच्या कणसाचे तुकडे : हे सगळे एका मोठ्या पातेल्यात, फोडणीवाचून किंवा फोडणीच्या नावाला थोडेसे तूप घालून, त्यांच्याच अंगच्या पाण्यात शिजते, आणि त्यावर हिरव्या मिरचीचा वाटलेला गोळा पडतो. ऋषीची भाजी ती हीच. ज्यांच्या नावाने हे ताट वाढावयाचे, त्या सप्तर्षींनी मका, भोपळा आणि मिरची या तिन्ही वस्तू जन्मात कधी पाहिलेल्या नव्हत्या. पण त्यांनी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

या व्रताचा शास्त्रार्थ काहीही सांगितलेला असो, त्यातून एक सामाजिक सत्य डोकावते असे मला वाटते. शेत बैलाचे आणि म्हणून पुरुषाचे. परस हाताचा आणि म्हणून स्त्रीचा. वर्षातून एक दिवस तिने आपल्याच राज्यातले अन्न खावयाचे. या राज्याच्या सनदा मात्र अपुऱ्या होत्या. वेल तिने लावावा, पाणी तिने घालावे, भोपळा तिने राखावा. परंतु कोहळा किंवा भोपळा घरात आला, की त्यावर पहिला घाव तिने घालावयाचा नाही, पुरुषाने सुरीचे टोक टोचून दिल्यावर मग तिने चिरावयाचा, ही रूढी अजून अनेक घरांत पाळतात. मोडी दप्तरे चाळणाऱ्यांनी स्त्रीच्या मालमत्तेचा शोध स्त्रीधनात आणि पाटल्या-बांगड्यांत घेतला. तो मागच्या दारी घेतला असता, तर मालकी आणि वहिवाट यांतील भेद समजण्यास यापेक्षा उत्तम उदाहरण सापडले नसते.

बाहेरच्या जगाकडे दृष्टी टाकली, तर असाच एक परस आल्प्स पर्वताच्या उतारांवर दिसतो. टिरोल किंवा बर्नच्या परिसरातील शेतघराला लागून लाकडी फळ्यांच्या कुंपणात बसविलेली, मधून फुलीच्या आकाराची पायवाट काढलेली ती चौकोनी बाग. तीत कोबी, कांदापात, औषधी पाला आणि कडेने फुले. आणि तिची स्वामिनीही घरधनीणच. साम्य आश्चर्यकारक आहे, पण भेद अधिक बोलका आहे. तेथे शत्रू थंडी, म्हणून बाग जमिनीला धरून, भिंतीच्या उबेला. येथे शत्रू पाणी, म्हणून बाग मांडवावर. दुसरा भेद दप्तराचा. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या अमदानीत खासगीच्या जमिनींच्या व्यवस्थेविषयी जो हुकूमनामा निघाला, त्यात बागेत कोणकोणत्या वनस्पती असाव्यात यांची सत्तरांवर नावे दिलेली आहेत, आणि माळ्याने आपल्या छपरावर अमुक एक मांसल पानांची वनस्पती लावावी, असेही बजावलेले आहे; वीज पडत नाही, अशी तिची ख्याती. बादशहाने छपरापर्यंत लक्ष घातले! आमच्या परसाला असा हुकूमनामा मिळाला नाही.

मिळाले ते निराळ्या प्रकारचे संरक्षण. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले, १६७३-७४ च्या सुमाराचे पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, गवत, फाटी, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून रास्त विकत घ्यावे, रयतेवर जुलूम करू नये, असा त्याचा आशय. लष्कराच्या तोंडी भाजीपाल्याचे नाव काढून त्याला मनाई करण्याचे कारण उघड आहे. गावात शिरलेल्या शिपायाच्या हाताला पहिले लागते ते परसाचे कुंपण. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५-१६ च्या सुमारास, आरमाराच्या लाकडाविषयी सांगताना आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत असे म्हटले आहे; आणि कारण असे दिले आहे, की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, तेव्हा ती तोडली असता त्यांच्या दुःखास पारावार राहत नाही. राज्यशास्त्राच्या ग्रंथात झाडाच्या तोडीला दुःख हे कारण नोंदविणारा हा मुत्सद्दी मला नेहमीच मोठा वाटत आला आहे.

इंग्रजी अमलात मोजणी आली. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने जमाबंदीचा आरंभ झाला आणि ती पद्धत क्रमाने जिल्हाभर पसरली. भातजमीन, वरकस, जिराईत, बागाईत अशा प्रती ठरल्या. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, आकार मिळाला, हद्दीचे दगड मिळाले. परस गावठाणाच्या रेषेच्या आत राहिला, आणि शेतसाऱ्याच्या दृष्टीने ही रेषा म्हणजे लक्ष्मणरेषाच. पुढे स्वराज्यात १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम झाला, तेव्हा त्यात ‘परडी जमीन’ ही संज्ञा व्याख्येसह आली : गावठाणातील घरांना संलग्न असलेली लागवडीची जमीन. व्याख्या करून तिला महसुलाची माफी दिली. एवढ्या शतकांनंतर दप्तरात नाव लागले, ते माफीपुरते. सारा नाही हे सुख खरे. पण ज्याला सारा नाही त्याला पुरावाही नाही, ही त्या सुखाची दुसरी बाजू. मुळशीने तिचा अनुभव त्याआधीच घेतला होता.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, पाणी बोगद्यांतून घाटाखाली भिऱ्यास सोडून, मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण करण्याची टाटा कंपनीची योजना पहिल्या महायुद्धानंतर पुढे आली. पन्नासांवर गावे आणि आंबेमोहोर भाताची खाचरे तिच्या तडाख्यात सापडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्यातून. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची प्रतिज्ञा. काम काही काळ थांबले, वर्षअखेरीस पुन्हा सुरू झाले. तुरुंग भरले, सावकारांच्या हाती गहाण पडलेल्या जमिनींचा मोबदला सावकारांनी उचलला, आणि १९२४ च्या अखेरीस रेल्वेगाडी अडविल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा होऊन लढा संपला. १९२७ मध्ये धरणाचे पाणी भिऱ्याच्या यंत्रांवर पडू लागले.

या लढ्याचा इतिहास विनायकराव भुस्कुट्यांसारख्या सहभागी कार्यकर्त्यांनी आणि नंतरच्या अभ्यासकांनी लिहिला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मला दिसतो तो एक लहान हिशेब. जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये. त्या कायद्यात मोबदला ठरविताना जमिनीचा बाजारभाव, आणि ताबा घेतेवेळी जमिनीवर उभ्या असलेल्या पिकांचे व झाडांचे नुकसान, या गोष्टी विचारात घ्यावयाच्या होत्या. शिवाय सक्तीच्या खरेदीबद्दल शेकडा १५ अधिक. खाचराला बाजारभाव होता. आंब्याला, फणसाला मोजता येत होते. पण परसाला बाजारभाव कोठला? तो कधी कोणी विकलाच नव्हता. आणि उभे पीक म्हणावे, तर रामनवमीच्या सुमारास मुळशीच्या परसात पाहणाऱ्याला दिसले असते काय? पावसाने कुजलेला, गेल्या वर्षीचा मोडका मांडव, सुरणाचा बुजलेला खड्डा, केळीची दोन वाळकी पाने, आणि राखेचा ढीग. चैत्रातला परस हा रिकामा असतो. तो सगळा त्या वेळी घरात, आढ्याला आणि भिंतींना असतो. पंच परसात जाऊन उभे राहिले असते, तरी त्यांना पंचनाम्यात लिहिण्यासारखे काही सापडले नसते, आणि घरात त्यांच्या डोक्यावर जी दोडक्याची जाळी लोंबत होती, ती त्यांनी भांडी घासण्याची म्हणून सोडून दिली असती.

बुडालेल्या गावांतून जे वर सरकले त्यांनी डोंगराच्या उतारावर, जलाशयाच्या काठाने नवी घरे बांधली. घर एका उन्हाळ्यात उभे राहते. पांढरी एका उन्हाळ्यात होत नाही. तांबड्या मुरमाच्या जमिनीत राख आणि शेण मुरून ती पायाला मऊ लागू लागेपर्यंत दोन पिढ्या जातात; आणि गायरान पाण्याखाली गेल्यावर जनावरे कमी होतात, जनावरे कमी झाली की शेण कमी होते, आणि शेण कमी झाले की तो काळ आणखी लांबतो. बी मात्र बरोबर गेले. बी गाठोड्यात बांधून नेता येते.

त्यानंतरच्या बदलांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. रस्ता झाला, एस. टी. आली, पौड-पिरंगुटाच्या बाजारात बारमाही कोबी-फ्लॉवर येऊ लागले. नळ आला तशी न्हाणी गेली, न्हाणी गेली तसे अळू गेले. मोसे खोऱ्यात लवासा उभे राहिले, मुळेच्या काठाने बंगले उठले. त्या बंगल्यांनाही ‘फार्महाऊस’ म्हणतात, आणि त्यांच्या मागे व पुढे विलायती हिरवळ असते. तिला पाणी द्यायला जो माळी ठेवलेला असतो, त्याच्या खोलीमागे पुष्कळदा चार काटक्यांवर घोसाळ्याचा एक वेल चढलेला मी पाहिला आहे. बंगल्याच्या नकाशात तो नाही. त्यात नवे काहीच नाही.

एका बाबतीत मात्र दप्तरावर भाषेने मात केली. विळ्या-भोपळ्याचे सख्य, अळवावरचे पाणी, तुपात तळले तरी कडूच राहणारे कारले, काकडीच्या चोरीला फाशीची शिक्षा, परीक्षेत मिळणारा भोपळा, आणि म्हातारीला लेकीच्या घरून परत आणणारा टुणूक टुणूक भोपळा : मळ्यातल्या आणि शेतातल्या पिकांना मिळून इतकी जागा मराठीने दिलेली नाही. ज्यांनी ही भाषा बोलून बोलून घडविली, त्या दिवसातून वीस वेळा मागच्या दारी जात होत्या, हे त्याचे कारण उघड आहे.

वाचकांस एक विनंती आहे. गौरी-गणपतीच्या दिवसांत ताम्हिणीच्या रस्त्याने जाण्याचा योग आला, तर पौडाच्या पुढे रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या म्हाताऱ्या दिसतील. पुढे चार-सहा शिराळी, अळूच्या जुड्या, आणि एखादी हातभर लांब, पिवळट पडू लागलेली काकडी. भावाची घासाघीस करू नये. ती पिवळी काकडी म्हातारी सहसा विकावयास तयार होत नाही. झालीच, तर खाण्याआधी बी काढून घ्यावे, आणि शेण मिळण्याची सोय नसेल तर राखेत घोळून, रोहिणीपर्यंत कोरड्या जागी ठेवावे.